कम्युनिटी कॉलेजच्या बाँडला 'हो' म्हणावं का? घराचा कर किती वाढतो?

तुम्ही कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत नुकतंच घर घेतलंय आणि विचारताय की मतपत्रिकेवर कम्युनिटी कॉलेजच्या (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) इमारतींसाठी बाँडचा, म्हणजे घरमालकांच्या करातून फेडायच्या कर्जाचा, प्रस्ताव आला, तर खिशाला किती चाट बसते आणि मत काय द्यावं. मी शेजारच्या सनीव्हेलची. मार्च २०२० मध्ये आमच्या फूटहिल–डी अँझा कॉलेज डिस्ट्रिक्टचे पैशांचे दोन प्रस्ताव एकदम आले होते, मेझर जी आणि मेझर एच. मतपत्रिकेवरच्या स्थानिक प्रस्तावाला इथे 'मेझर' म्हणतात. नागरिक झाल्यावरचं माझं ते पहिलंच मतदान. सासरे तेव्हा पुण्याहून आले होते. टेबलावरची पत्रकं चाळता चाळता त्यांनी विचारलं, "हे मेजरजी कोण? लष्करातून रिटायर होऊन उभे राहिलेत का?" आमच्या घरी अजून त्याला मेजरजीच म्हणतात.

तर मेजरजींना हवे होते ८९ कोटी ८० लाख डॉलर. बदल्यात सांगितलेला अंदाज होता, दर एक लाख डॉलर असेस्ड व्हॅल्यूमागे वर्षाला १६ डॉलर. असेस्ड व्हॅल्यू म्हणजे आजचा बाजारभाव नव्हे. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे (राज्यभरच्या मतदारांनी मंजूर केलेला कायदा) घर विकत घेतलं त्या किमतीवर ती ठरते आणि पुढे वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. तुमचं घर वीस लाख डॉलरचं धरलं तर वर्षाला ३२० डॉलर. त्याच गल्लीत, तशाच घरात ऐंशीच्या दशकापासून राहणाऱ्या आजींची असेस्ड व्हॅल्यू समजा तीन लाख असेल, तर त्यांना ४८. नव्याने घर घेणाऱ्याला हे झोंबतंच, मलाही झोंबलं होतं. पण तो राग बाँडवर काढण्यात अर्थ नाही, ती प्रॉपोझिशन १३ ची करणी.

आता खरी मेख. बाँडचे पैसे इमारतींसाठीच असतात: बांधकाम, दुरुस्ती, लॅबची साधनं, जागा. शिक्षकांच्या पगारात त्यातला एक डॉलर घालता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. म्हणून तर जोडीला मेझर एच होता. तो होता पार्सल टॅक्स, म्हणजे घर लहान असो वा मोठं, दर मिळकतीमागे वर्षाला सरसकट ४८ डॉलर, आणि तो पैसा शिकवण्यावर खर्च करता आला असता. पण पार्सल टॅक्सला दोन तृतीयांश मतं लागतात. बाँडला नोव्हेंबर २००० मध्ये पास झालेल्या प्रॉपोझिशन ३९ पासून ५५ टक्के पुरतात. निकाल काय लागला असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. जी पास, एच नापास. भिंतींना पैसे मिळाले, वर्गात उभं राहणाऱ्यांना नाही.

हे मला जरा लागलं. मी २००७ मध्ये एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आले तेव्हा कामाची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, दिवस खायला उठायचा. डी अँझात अकाउंटिंगचे क्लास लावले ते घराबाहेर पडायला म्हणून, आणि पुढे पोटापाण्याला तेच उपयोगी पडले. वर्गात माझ्या एका बाजूला अठरा वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला नातवंडं असलेल्या बाई. त्या खोलीतलं छत कसं होतं ते मला आठवत नाही. शिकवणाऱ्या बाई मात्र लख्ख आठवतात.

तरी मी दोन्हींना 'हो' दिलं. जीला देताना मात्र जरा थांबून, कारण बाँड म्हणजे कर्ज, आणि मुद्दलावर व्याज असतंच. मतदार पुस्तिकेत 'टॅक्स रेट स्टेटमेंट' नावाचं पान असतं. त्यात सर्वांत जास्त दर कोणत्या वर्षी अपेक्षित आहे आणि मुद्दल-व्याज धरून एकूण परतफेड किती, हे द्यावंच लागतं. बाकी भावनिक मजकूर नाही वाचला तरी चालेल, हे पान वाचा. सॅन डिएगोजवळच्या पोवे शाळा डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर उचलले आणि परतफेड ठरली जवळजवळ ९८ कोटींची, कारण हप्ते वीस वर्षं पुढे ढकलले होते. त्या बोभाट्यानंतर २०१३ मध्ये राज्याने असल्या बाँडना लगाम घातला: मुदत २५ वर्षं, आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त नको.

आणखी एक, १६ डॉलर हा अंदाज आहे, हमी नाही. शिवाय तुमच्या घराच्या कराच्या बिलावर एकटे मेजरजी नसतात. याच डिस्ट्रिक्टने १९९९ मध्ये २४ कोटी ८० लाखांचा आणि २००६ मध्ये ४९ कोटी ८ लाखांचा बाँड मंजूर करून घेतला होता. शाळांचे बाँड वेगळेच. 'कराचा दर न वाढवता' असं पत्रकात दिसलं की बहुतेक वेळा अर्थ इतकाच असतो, की जुनं कर्ज फिटल्यावर जो कर उतरला असता तो आता उतरणार नाही.

देखरेखीला नागरिकांची समिती असते, किमान सात जणांची. करदात्यांच्या संघटनेचा एक आणि एक विद्यार्थी त्यात हवाच, कॉलेजचा नोकर किंवा कंत्राटदार चालत नाही. समिती हिशोब तपासते आणि बोंब मारू शकते, पण खर्च थांबवू शकत नाही. तरी सासऱ्यांना याचंच अप्रूप. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही ग्रीन कार्डवर किंवा एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मतच नाही, कर मात्र पूर्ण. आम्ही २०१२ ते २०१९ तसाच भरला. मत असेल तर माझ्या मते वर्गखोल्यांच्या, भूकंपसुरक्षेच्या, लॅबच्या यादीला 'हो' द्या. यादी नुसती मोघम असेल आणि परतफेड मुद्दलाच्या तिप्पट-चौपट जात असेल, तर बिनदिक्कत 'नाही'. आणि त्याच कागदावर खाली कुठे पार्सल टॅक्स असेल तर तोही वाचा, लोक तिथवर पोहोचतच नाहीत.