घाटात गाडी ओढत नाही? आधी क्लच बघ

अरे भावा, तुझा कॅम्पर (राहायची सोय केलेली गाडी) घाटात ओढत नाही म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायला देऊ नकोस. कुंभार्ली घाट चढताना रेस दिली की आरपीएम वाढतो पण गाडी जागची हलत नाही, म्हणजे बहुतेक क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) घसरतेय, आणि कॅम्परमध्ये पाण्याची टाकी, बेड, सिलेंडर असं सगळं वजन कायम अंगावर, मग ती लवकरच जाणार ना. सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाक, हळू क्लच सोड. इंजिन बंद पडलं तर ठीक, फिरतच राहिलं तर प्लेट गेली (एकदाच कर, आणि पुढे कोणी उभं नको). गिअरच पडत नसेल तर क्लच ऑइलची लेव्हल बघ, कमी असेल तर गळती शोध, नुसतं भरून निघू नकोस. आणि गुहागरला वाळूत रुतलास तर हाफ क्लचवर (क्लच अर्धा दाबून) रेस मारत बसू नको रे, जळका वास आला की थांब, टायरखाली फळी घाल.