शब्द नीट ऐकू येत नसताना गाण्याचा अर्थ कसा लावायचा

भावा, शब्द नीट कळत नसलेल्या गाण्याचा अर्थ कसा लावायचा, हा तुझा प्रश्न चांगला आहे, पण दोन ओळींत उरकणारा नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत तुम्ही सात-आठ जण रविवारी जमून प्रायोगिक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकता. मग वाद होतो. एक म्हणतो, ज्याला जो वाटेल तो अर्थ बरोबर. दुसरा मोबाईलवर गाण्याचे शब्द उघडून म्हणतो, हाच अर्थ, विषय संपला. तुला दोन्ही पटत नाही, आणि माझ्या मते तुझंच बरोबर आहे.

या संगीतात कवितेइतकाच महत्त्वाचा मजकूर म्हणजे आवाजावर केलेली प्रक्रिया. ‘घर’ हा शब्द साध्या आवाजात आला, यंत्रातून चिरका होऊन आला, की चाळीस वेळा तुकडा होऊन आला, यावर त्याचा अर्थ ठरतो. वेबसाइटवरच्या शब्दांत हे काहीच दिसत नाही, म्हणून तिथून सुरुवात करणारा अर्धा मजकूर आधीच गमावतो. आणि ‘काहीही चालतं’ म्हणणारा हा आवाजातला मजकूर ऐकतच नाही. तुमचा अर्थ तुमचाच असू द्या, पण तो कुठल्या मिनिटाला, कुठल्या आवाजावर उभा आहे ते दाखवता आलं पाहिजे.

पद्धत सांगतो. पहिल्यांदा गाणं सलग ऐका, हातात काही नको. दुसऱ्यांदा प्रत्येकाने आपल्या वहीत तीन रकाने आखायचे: वेळ, कानावर पडलेला शब्द (देवनागरीत, जसा ऐकू आला तसा), आणि त्या वेळी आवाजाचं काय झालं आहे. तिसऱ्या वेळेला अल्बमसोबतचे छापील शब्द उघडायचे. हा क्रम मोडू नका. शब्द एकदा वाचले की कान तेच ऐकतो, मग आधीचं ऐकणं परत मिळत नाही. १९८१ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेमेझ आणि सहकाऱ्यांनी बोललेलं वाक्य फक्त तीन साइन लहरींत, म्हणजे शिट्टीसारख्या शुद्ध सुरांत उतरवून लोकांना ऐकवलं. काही न सांगता ऐकवल्यावर बहुतेकांना विचित्र शिट्ट्याच वाटल्या. हे वाक्य आहे असं सांगितल्यावर मात्र अनेकांना शब्द लागू लागले. तुमच्या गटात जो पहिला बोलतो त्याचाच अर्थ सगळ्यांना ऐकू येतो, त्याचंही कारण हेच. म्हणून आधी सगळ्यांनी लिहायचं, मग बोलायचं.

ऐकताना पंखा बंद ठेवा. स, श, फ हे आवाज हवेच्या घर्षणाचे, सुरापेक्षा हलके, आणि पंख्याच्या हवेचा सूं आवाज ते झाकून टाकतो. वाक्यातले स्वर कळतात आणि व्यंजनं हरवतात, ती अशा खोल्यांत. शिवाय आपला कान मराठी. इंग्रजीचे दोन वेगळे उच्चार आपण एकाच ‘व’मध्ये टाकतो, त्यांचा ‘टी’ आपल्याला ‘ट’ लागतो, आणि आवाज धूसर झाला की मेंदू जवळचा मराठी शब्द पुढे करतो. असा शब्द लिहून ठेवा, बाजूला खूण करा, पण अर्थाचा पाया म्हणून वापरू नका.

आता तिसऱ्या रकान्याबद्दल, कारण खरा माल तिथेच आहे. व्होकोडर, म्हणजे माणसाचं बोलणं यंत्राच्या सुरात ऐकवणारं उपकरण, आवाजाला वारंवारतेच्या दहा-वीस पट्ट्यांत कापतो आणि प्रत्येक पट्ट्याचा चढउतार सिंथेसायझरच्या सुरावर लादतो. स्वर टिकतात, पण स, त, क यांसारखी अघोष व्यंजनं विरतात, कारण त्यांना सूर नसतो. त्यासाठी गोंगाटाचा वेगळा स्रोत जोडावा लागतो किंवा मूळ आवाजाची वरची पट्टी थोडी मिसळावी लागते. ती मिसळली आहे का, हे ऐका. मिसळली असेल तर बनवणाऱ्याला शब्द कळायला हवे होते. मुद्दाम काढली असेल तर कळू नयेत हाच हेतू असू शकतो.

पट्टी, म्हणजे सुराची उंची, बदललेल्या आवाजाचं वेगळं. टेपसारखा वेग वाढवून आवाज चार सेमीटोन (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे एक) चढवला तर सगळ्या वारंवारता सुमारे २६ टक्के वर जातात, तोंडाच्या पोकळीचा ठसाही बदलतो आणि गाणारा लहान वाटू लागतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ने तुकडा उलट दिशेने तीन ते सात सेमीटोन हळूहळू सरकवून बघा. एका ठिकाणी तो माणसाचा वाटतो, शब्दही सुटतात. नुसता शब्द पकडायचा असेल तर ‘चेंज टेम्पो’ उणे तीस टक्के पुरे. त्याहून जास्त ताणलं की व्यंजनं दुहेरी ऐकू येतात आणि नसलेला शब्द तयार होतो. संशय आला तर तुकडा ‘रिव्हर्स’ करा, पण उलट ऐकताना आधी कुणी सुचवलेलं वाक्य कानात असेल तर तो पुरावा धरू नका.

इंग्लिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार बरियल याच्या २००७ च्या ‘अनट्रू’ अल्बममधलं ‘आर्केंजल’ घ्या. त्यातला आवाज रे जे या गायकाच्या ‘वन विश’मधून घेतलेला आहे, पट्टी बदलून आणि तुकडे जोडून. मूळ गाण्याच्या कवितेवरून ‘आर्केंजल’चा अर्थ काढायचा म्हटलं तर गाडी अडते, कारण वाक्यं वाक्यं राहिलेलीच नाहीत. कुठला तुकडा ठेवला, कुठे तोडला, बाई की पुरुष हे कळेनासं केलं, एवढ्यावरच अर्थ लावता येतो.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं १९६६ चं ‘कम आउट’ तर अर्थ लावण्याची शाळाच आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांच्या मारहाणीत जखमी झालेला डॅनियल हॅम हा तरुण सांगतो, की दवाखान्यात नेलं जावं म्हणून त्याला मुका मार लागलेली जागा फोडून रक्त दाखवावं लागलं. राइशने त्यातले थोडे शब्द घेतले, ‘त्यांना दाखवायला बाहेर यावं म्हणून’ अशा अर्थाचे. तोच तुकडा डाव्या आणि उजव्या अशा दोन चॅनलवर एकत्र सुरू होतो आणि हळूहळू एक दुसऱ्याच्या मागे पडतो. मग दोनाचे चार आवाज होतात, चाराचे आठ, आणि शेवटी शब्द जाऊन फक्त घासल्यासारखी लय उरते. इथे दोन अर्थ लागतात आणि दोन्हींना आधार आहे. एक: साक्ष इतक्या वेळा उगाळली गेली की माणूस दिसेनासा झाला. दुसरा: शब्द गेले तरी आवाजातली वेदना गेली नाही. कुठला धरायचा हे ज्याने त्याने ठरवावं, पण कुठल्या मिनिटाला शब्द कळायचा थांबला ते प्रत्येकाने लिहायचं. माझा कल पहिल्याकडे आहे. हे गाणं फक्त ‘छान ताल’ म्हणून ऐकणं मात्र मला मान्य नाही. पूर्ण वाक्य सुरुवातीला ठेवलं आहे ते विसरू नये म्हणूनच.

बनवणाऱ्याने स्वतः अर्थ बदलल्याचं उदाहरण क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक गटाचं. १९७५ च्या ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’त किरणोत्सर्ग आणि रेडिओवरचं प्रसारण यांचा श्लेष आहे, मादाम क्यूरींचं नाव आहे, मोर्स कोड आहे. सूर इतका थंड की बाजूने की विरोधात, काहीच ठरत नाही. १९९१ च्या ‘द मिक्स’मध्ये त्यांनी चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफिल्ड, हिरोशिमा ही अणुअपघात-अणुबॉम्बशी जोडलेली नावं आणि ‘थांबवा’ हा शब्द घातला. म्हणून अर्थ सांगताना कुठल्या वर्षीची आवृत्ती ऐकली ते आधी सांगा. तुमच्यातला एक जण १९७५ चं ऐकून आणि दुसरा १९९१ चं ऐकून भांडत असेल तर दोघंही खरं बोलत असतील.

मुद्दाम अर्थ ठेवलेलाच नाही असंही संगीत आहे. सिगुर रोस या आइसलंडच्या गटाच्या २००२ च्या, नाव म्हणून नुसते कंस ‘( )’ असलेल्या अल्बममध्ये आठ अनाम गाणी आहेत, अर्थहीन अक्षरांत गायलेली, आणि सोबतच्या पुस्तिकेत ऐकणाऱ्याने लिहावं म्हणून कोरी पानं. इथे ‘तो काय म्हणाला’ हा प्रश्नच चुकीचा. वहीतला दुसरा रकाना अक्षरं कशी पुन्हा येतात याला द्या. तेच अक्षरगुच्छ गाण्यागाण्यांत फिरतात, आणि पहिल्या चार गाण्यांचा उजेड पुढच्या चारांत जातो. स्वतःच्या आठवणी इथे हक्काने लिहा, पण ‘ही माझी आठवण’ अशी नोंद करून.

खरं तर कोल्हापूरच्या श्रोत्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेच्या या गावाच्या कानात बसलेली आहे, आणि त्या गायकीत बंदिशीचे शब्द मोजके, काम आकाराचं, म्हणजे नुसत्या ‘आ’वर गाण्याचं. तराण्यात तर ‘तोम तनन’वरच सगळं उभं राहतं. तिथे कुणी छापील बंदिश मागत नाही, गवयाने कुठला बोल कुठल्या स्वरावर ठेवला ते बघतो. फरक एवढाच, की गवई बोल बदलताना त्या क्षणी निर्णय घेतो. टेपचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, घसरतो तो आपोआप, आणि निर्णय आधी, लूप निवडतानाच झालेला असतो. म्हणून ‘कम आउट’मध्ये दर फेरीला नवा भाव शोधू नका, निवड कुठली होती ते विचारा.

वेबसाइटवरच्या शब्दांचं थोडक्यात: दोन साइटवर तीच विचित्र चूक असेल तर तो एकच स्रोत धरा, दोन नव्हे. छापील पुस्तिका असेल तर ती सगळ्यात वर. कलाकाराची मुलाखत त्याखाली, कारण वर्षांनंतर दिलेली असेल तर ती आठवण असते.

रविवारी ‘कम आउट’ने सुरुवात करा, पण एकाच ब्लूटूथ स्पीकरवर नको. तिथे दोन्ही चॅनल एकत्र होतात आणि डावीकडून उजवीकडे सरकणारं अंतर, जे या रचनेचं मर्म आहे, ऐकूच येत नाही. दोन स्पीकर निदान दोन मीटर अंतरावर ठेवा आणि मधल्या जागी दोघा-दोघांनी पाळीपाळीने बसा. स्पीकर नसतील तर वायरचे हेडफोन चालतील, मात्र फोनच्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधलं मोनो ऑडिओ बंद आहे ना, ते आधी बघा.