मामाला नारळ का दिला?

चि. सोनूस आईचे अनेक आशीर्वाद.

काल मामाच्या सेवानिवृत्ती समारंभाचे चित्रण पाहताना तू विचारलेस, "मामा इतके चांगले शिकवायचा, मग त्याला नारळ का दिला?" मी हसले, पण तुझे काही चुकले नव्हते. 'हाती नारळ दिला' म्हणजे कामावरून काढले, असेच तू माझ्या तोंडून ऐकले आहेस. गंमत अशी की मुळात ही आदराची रीत आहे. निघालेल्या माणसाला आपल्याकडे रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. माहेरून निघणाऱ्या लेकीची ओटी नारळाने भरतात, आणि पूर्वी दरबारातून निरोप घेणाऱ्याला विडे दिले जात. नको असलेल्या माणसाला घालवतानाही लोक त्याच रीतीचे नाव घेऊ लागले आणि बिचारा नारळ बदनाम झाला, असे मला वाटते. समारंभात मात्र त्याला श्रीफळ म्हणतात, आणि ते शालीबरोबर सत्कारमूर्तीच्या हाती येते.

मला खटकले ते मानपत्र. चौकटीत बसवलेल्या त्या कागदाचे जाहीर वाचन होते. त्यात मामा 'ज्ञानतपस्वी' आणि 'प्रसिद्धीपराङ्मुख' असल्याचे आले, पण ज्या दगडफुलाशिवाय आपला गोडा मसाला होत नाही, त्याच्या सह्याद्रीतल्या भाऊबंदांचा अभ्यास करण्यात त्याची तीस वर्षे गेली, आणि दगडफूल म्हणजे बुरशी व शैवाल यांचा एकत्र संसार असतो हे त्याने कितीतरी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, याचा उल्लेखही नव्हता. ती विशेषणे कोणत्याही प्राध्यापकाला चिकटवता येतात.

इथे जर्मनीत, ग्योटिंगेनला, निवृत्त होणारे प्राध्यापक निरोपाचे व्याख्यान स्वतःच देतात, आणि ते संपले की श्रोते टाळ्यांऐवजी बाकांवर ठकठक करतात. शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी लेख लिहून त्यांचा ग्रंथ गुरूला अर्पण करायचा, ही जर्मन विद्यापीठांतली पद्धत मात्र आपण उचलली आणि त्याला गौरवग्रंथ हे नाव दिले. तू रोज सायकलवरून ज्या विद्यापीठावरून जातेस, त्याने संस्कृतचे थोर पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८८५ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. भांडारकर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून १८९३ मध्ये निवृत्त झाले. पुढे १९१७ मध्ये त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा विद्वानांनी त्यांना असाच लेखसंग्रह अर्पण केला, आणि ६ जुलैला, म्हणजे त्यांच्या वाढदिवशीच, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यात सुरू झाली. त्यांनी जमवलेले ग्रंथ तिथेच गेले.

वनस्पतिशास्त्रज्ञांची रीत याहून वेगळी आहे आणि मला ती शालीपेक्षा आवडते. नवी जात सापडली की तिला स्वतःचे नाव देणे शिष्टसंमत नाही, पण ज्याच्याविषयी आदर आहे त्याचे देता येते. सांतापाव नावाचे मूळचे स्पेनचे एक जेझुइट पाद्री मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या एका कंदीलपुष्पाचे शास्त्रीय नाव 'सेरोपेजिया सांतापावी' असे आहे. हे मानपत्र दोनच शब्दांचे, पण ते दुसऱ्या कोणाला चिकटवता येणार नाही.

मामाच्या समारंभातला सर्वांत चांगला भाग तुला दिसलाच नाही, कारण चित्रण करणाऱ्याने तोवर कॅमेरा जेवणाकडे वळवला होता. सत्काराला उत्तर देताना मामा स्वतःबद्दल दोन वाक्ये बोलला आणि उरलेला सगळा वेळ प्रयोगशाळेतल्या त्या मदतनिसाबद्दल, ज्याने दगडफुलांच्या नमुन्यांची पाकिटे इतकी वर्षे ओल लागू न देता जपली. मग त्याने आपल्याला मिळालेली शाल त्याच्या खांद्यावर घातली. श्रीफळ तेवढे घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी मामीने त्याच्या वड्या केल्या. रविवारी फोन करशील तेव्हा दगडफुलाचे त्यालाच विचार.

तुझी,
आई