‘चॅव्ह’ हा शब्द आला कुठून?

प्रश्न: ब्रिटिश मालिकांमध्ये ट्रॅकसूट, कॅप आणि ठसठशीत दागिने घालणाऱ्या गरीब वस्तीतल्या पोरांना ‘चॅव्ह’ म्हणून हिणवलं जातं. ‘कौन्सिल हाउस अँड व्हायोलंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो बनला, असं वाचनात आलं. हे खरं आहे का?

उत्तर: नाही. शब्द आधी आला आणि हा खुलासा त्याला मागाहून चिकटवला गेला. कौन्सिल हाउस म्हणजे स्थानिक प्रशासनानं बांधून भाड्यानं दिलेलं घर. त्यात राहणारे ते हिंसक, असं हा खुलासा सुचवतो. पडताळणी तीन बाजूंनी करता येते.

पहिली बाजू काळाची. इंग्रजी बोलीत ‘चॅव्ही’ हा मूल या अर्थाचा शब्द जुना आहे. कोशकार एरिक पार्ट्रिज यांनी त्याचा काळ १८६०च्या सुमाराचा दिला आहे. कौन्सिल हाउस त्यानंतरची. लिव्हरपूलमधली सेंट मार्टिन्स कॉटेजेस ही अशा घरांची अगदी सुरुवातीची वस्ती १८६९ची, आणि देशभर मोठ्या प्रमाणावर बांधकाम सुरू झालं ते १९१९च्या ॲडिसन कायद्यानंतर.

दुसरी बाजू रचनेची. ‘कौन्सिल हाउस’ हे नाम आणि ‘व्हायोलंट’ हे विशेषण ‘अँड’नं जोडलेलं आहे, ते इंग्रजीत बसत नाही. कुठलाही ब्रिटिश पोलीस किंवा कारकून असा शेरा लिहिणार नाही. म्हणूनच कुणी ‘हाउस’चं ‘हाउस्ड’ करतं, तर कुणी शेवटच्या अक्षरासाठी ‘व्हर्मिन’, म्हणजे किडे-उंदीर, असा शब्द घालतं. खरं संक्षिप्त रूप असतं तर त्याचा विस्तार एकच असता.

तिसरी बाजू लेखी पुराव्याची. आजच्या हिणकस अर्थानं ‘चॅव्ह’ची ऑक्सफर्ड कोशातली पहिली नोंद १९९८ची आहे. वृत्तपत्रांत तो २००२च्या सुमारास आला आणि २००४मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. आद्याक्षरांचा खुलासा या गाजावाजाबरोबरच पसरला. तो नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. एका वर्गाबद्दलचा तिरस्कार त्यात इतिहासाचा वेश घेऊन येतो.

प्रश्न: मग खरं मूळ कोणतं? चॅटहॅम या गावाचंही नाव घेतलं जातं.

उत्तर: सर्वांत भक्कम मत रोमानी भाषेचं आहे. रोमानी म्हणजे युरोपातल्या रोमा लोकांची भाषा. तिच्यात ‘चावो’ म्हणजे मुलगा आणि ‘चावी’ म्हणजे मुलगी. जॉर्ज बॉरो यांच्या १८७४च्या इंग्रजी रोमानी शब्दसंग्रहात हे दोन्ही शब्द आहेत. त्यांच्यात शिवीचा लवलेश नाही.

चॅटहॅम हे केंट परगण्यातलं गाव. तिथली नौदलाची गोदी १९८४मध्ये बंद झाली आणि बेकारी वाढली, त्यामुळे गावाच्या नावावरूनच शब्द निघाला असं अनेकांना वाटतं. पण ‘चॅटहॅम’चा उच्चार ‘चॅटम्’ असा होतो. त्यातला ‘ट’ जाऊन ‘व्ह’ कसा आला, याचं उत्तर या मताकडे नाही. चेल्टनहॅममधल्या शाळांचे विद्यार्थी गावातल्या पोरांना ‘चेल्टनहॅम ॲव्हरेज’ म्हणत आणि त्याचं हे लघुरूप, असंही सांगतात. त्यालाही जुना लेखी आधार नाही. केंटचा संबंध मात्र अगदीच टाकाऊ नाही. बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या तोडणीला रोमा कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या केंटमध्ये येत असत, त्यामुळे रोमानी शब्द तिथल्या बोलीत मिसळणं स्वाभाविक होतं. ईशान्य इंग्लंडात न्यूकॅसलकडे ‘चार्व्हर’ हा याच्याशी मिळताजुळता शब्द आहे. एकाच गावावर भिस्त ठेवणारं मत त्यामुळेही लंगडं पडतं.

रोमानी मताचा कच्चा दुवा अर्थाचा आहे. ‘मूल’वरून ‘पोरगा’, मग मित्राला मारलेली हाक आणि शेवटी विशिष्ट पोरांसाठी शिवी, ही साखळी पटण्यासारखी आहे. पण तिचा प्रत्येक टप्पा छापील रूपात सापडत नाही. त्यामुळे चांगले कोश ‘बहुधा’ असं म्हणून थांबतात, आणि तेच योग्य आहे.

प्रश्न: ‘चावो’ आणि आपला ‘छावा’ यांत नातं आहे का?

उत्तर: आहे. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. रोमानीतला शब्दही मुळात ‘छ’काराचा आहे. पालीत ‘छाप’, प्राकृतात ‘छाव’, आणि त्याच मुळातून मराठी ‘छावा’ व रोमानी ‘छावो’ असे दोन्ही शब्द आले. मात्र इंग्रजांनी हा शब्द मराठीतून उचलला असं म्हणू नये. दोघांचा पूर्वज एक, एवढंच. मित्र या अर्थाचा इंग्रजी ‘पाल’ हाही रोमानी ‘फ्राल’वरून, म्हणजे आपल्या ‘भ्रातृ’च्या कुळातून आलेला आहे.

प्रश्न: ‘पॉश’चीही अशीच गोष्ट सांगतात ना?

उत्तर: हो. भारताच्या बोटीवर जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, म्हणजे उन्हापासून बचावलेली, केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं असत, असं म्हणतात. असं एकही तिकीट सापडलेलं नाही. छानछोकी माणूस या अर्थानं ‘पॉश’ १८९०मध्ये नोंदलेला आहे, तर बोटीची गोष्ट छापून आली १९३०च्या दशकात. इथेही एक रोमानी शब्द पुढे केला जातो: ‘पॉश’ म्हणजे अर्धा. त्यावरून अर्धी पेनी, मग पैसा आणि मग श्रीमंती. पण ‘चॅव्ह’च्या मानानं हा धागा बराच विरळ आहे.