बारावीनंतर मुंबईत बी.ए. करायचंय, सायकॉलॉजी घेऊ की सोशॉलॉजी? मराठी मीडियमवाल्याला झेपेल का?

तुला तूच म्हणते, बारावीचा आहेस म्हणून. तू लिहिलंयस की डोंबिवलीला राहतोस, शाळा मराठी मीडियम, आणि घरचे म्हणतायत सायकॉलॉजी घे, हल्ली त्याला स्कोप आहे, सोशॉलॉजी काय कोणीही करतं. मी दोन्ही केलंय. आमच्या वेळी टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, तीन पेपर याचे तीन त्याचे असं डबल मेजर घेता यायचं, ते घेतलेलं, दहाएक वर्षं झाली.

आधी सायकॉलॉजी. मोटिव्हेशनल भाषणं आणि माणसाचा चेहरा बघून मन ओळखणं असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाक. एफवायला बेसिक, एसवायला सोशल आणि डेव्हलपमेंटल, आणि टीवायला अ‍ॅबनॉर्मल, इंडस्ट्रियल, कॉग्निटिव्ह, काउन्सेलिंग, प्रॅक्टिकल, असा आमचा सिलॅबस होता. आता एनईपीत (नव्या शिक्षण धोरणात) नावं आणि क्रेडिट इकडेतिकडे झालेत पण माल साधारण तोच. अ‍ॅबनॉर्मलची सगळ्यांना हौस असते (पहिल्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येकाला आपल्याला त्यातला एकतरी आजार आहे असं वाटतं, मलाही वाटलेलं). पण खरी विकेट पडते टेस्टिंग अँड स्टॅटिस्टिक्सला. गणित नको म्हणून आर्ट्सला आलेली पोरं कॅल्क्युलेटर घेऊन स्टँडर्ड डेव्हिएशन आणि कोरिलेशन काढत बसतात, तेव्हाची तोंडं बघण्यासारखी असतात.

प्रॅक्टिकल सहाच्या सहा पेपर सायकॉलॉजीचे घेणाऱ्यांनाच होतं, त्यामुळे मी कायम त्यांची 'सब्जेक्ट', म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. कँटीनमधून धरून न्यायचे. एकदा समोर 'लाल' असा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत, आणि वाचायचं नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा, भराभर. जीभ अशी अडखळते की विचारू नकोस, वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचतातच. स्ट्रूपने १९३५ साली छापलेला प्रयोग आहे हा, अजून तसाच चालतो. तुला असल्या गोष्टीत मजा येत असेल, म्हणजे नीट मोजायचं, वेळ लावायची, जर्नल लिहायचं, तर सायकॉलॉजी तुझी.

आता सोशॉलॉजी 'कोणीही करतं' यावर. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ ला सुरू झाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये, आपले मालवणचे. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवासही त्यांचेच विद्यार्थी, ज्यांचं 'संस्कृतीकरण' (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं) तुला पुढे पाठ करावं लागेल. म्हणजे देशातलं समाजशास्त्र बरंचसं इथूनच वाढलंय, आणि आपण त्याला सोपा विषय म्हणून नाक मुरडतो.

मला तो विषय कळला तो मात्र घरच्या गोष्टीवरून. आजोबा परळला मिलमध्ये साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि आजोबा जे घरी बसले ते बसलेच. आई सांगायची, बोलायचे नाहीत, दिवसभर गॅलरीत कठड्याला टेकून उभे, पगाराच्या तारखेला तर जेवायचेही नाहीत. घरात सगळ्यांचं मत एकच, स्वभावच तसा, खचले. अ‍ॅबनॉर्मलचा पेपर शिकताना मी मनातल्या मनात त्यांना डिप्रेशनची लक्षणं लावून मोकळी झाले होते. मग सोशॉलॉजीच्या मॅडमनी सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा मुद्दा शिकवला, की एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब बघा, पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाच्या स्वभावात उत्तर शोधून काय मिळणार. घरी येऊन आईला विचारलं, गॅलरीत अजून कोण उभं असायचं? तर म्हणाली, अगं सगळेच, आख्ख्या मजल्यावरचे पुरुष. हे तिने आधी कधी सांगितलंच नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. आजोबांना त्रास होत नव्हता असं नाही हां, होताच, तिथे सायकॉलॉजीच लागते. पण मजलाभर माणसं का उभी होती ते तिच्यात सापडत नाही.

मराठी मीडियमचं म्हणशील तर सोशॉलॉजीचे पेपर आमच्यात बऱ्याच जणी मराठीत लिहायच्या. सायकॉलॉजीही मराठीत आहे पण गंमत अशी की 'क्लासिकल कंडिशनिंग' पटकन कळतं आणि त्याचंच मराठी 'अभिजात अभिसंधान' वाचून घाम फुटतो. मी शेवटी इंग्रजीत वाचायचे, मैत्रिणीला मराठीत समजावायचे, आणि समजावता आलं तरच पुढचा चॅप्टर.

नोकरीचं खरं सांगते, दोन्हींपैकी कुठल्याच नुसत्या बी.ए.वर फार काही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर बी.ए.नंतर पुढचं शिक्षण आणि आरसीआयची (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते, बरीच वर्षं आणि बराच पैसा जातो, घरच्यांना स्कोप दिसतो त्यात हे पण दाखव. गोळ्या लिहून देणारे सायकिअ‍ॅट्रिस्ट वेगळे, ते एमबीबीएसवाले. सोशॉलॉजीवाले एम.एस.डब्ल्यू., बी.एड., संस्थांमधलं फील्डवर्क, नाहीतर यूपीएससीला ऑप्शनल घेतात (दोन पेपर, अडीचशे-अडीचशे मार्कांचे). मी सध्या एका संस्थेत वस्त्यांमध्ये सर्व्हे करते आणि गंमत म्हणजे रोज कामाला येतं ते सायकॉलॉजीतलं स्टॅटिस्टिक्स.

माझं मत विचारशील तर पुढे काउन्सेलिंग वगैरे करायची थोडी जरी शक्यता असेल तर सायकॉलॉजी मेजर (मुख्य विषय) आणि सोशॉलॉजी मायनर (दुय्यम) घे. उलटं केलंस तर एम.ए. सायकॉलॉजीला अडचण येऊ शकते. आणि पार्टटाइम नोकरी करून डिस्टन्सने सायकॉलॉजी करू असा विचार असेल तर ते सोड, यूजीसीने २०२५ पासून डिस्टन्स आणि ऑनलाइनला सायकॉलॉजीचे नवे प्रवेश बंद केलेत.

अ‍ॅडमिशन घेताना अजून एक, ऑफिसच्या खिडकीवर थेट विचार की टीवायपर्यंत हा विषय मेजरला मिळतो का, सीट किती, आणि एफवायच्या मार्कांवर गाळतात का. माझ्या एका मैत्रिणीला एसवायच्या शेवटी कळलं की तिच्या कॉलेजात टीवायला सायकॉलॉजी नाहीच, मग शेवटच्या वर्षाला बदलापूरहून चर्चगेटला जायची बिचारी, सकाळी पावणेपाचला उठून.