12 बोअरच्या काडतुसात मीठ, बेअरिंगच्या गोळ्या किंवा मेण भरलं तर काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निफाडकडे शेती आहे, घरात वडिलांपासूनची 12 बोअरची दुनळी आहे, परवाना चालू आहे. रानडुकरं मका आडवा करतात. तर काडतुसातले छर्रे काढून मीठ किंवा बेअरिंगच्या गोळ्या भरल्या तर चालेल का, आणि व्हिडिओत दाखवतात ती कापलेली किंवा मेण ओतलेली काडतुसं आपल्या बंदुकीत चालतात का?

नाही चालत. त्यातली बरीचशी तर धड लागतही नाहीत.

ही कल्पना बहुतेक ठासणीच्या बंदुकीवरून येते. ठासणीत काळी दारू असायची, वर खडे-खिळे ठासले तरी बार निघायचा. तेव्हाही ते धोक्याचंच होतं, पण काळ्या दारूच्या जळण्यावर दाबाचा परिणाम तुलनेने कमी. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते आणि ती दाबावर जळते. पुढे जितका अडसर, तितकी ती वेगाने पेटते. पेटली की दाब आणखी वाढतो. म्हणून टोपी (ठिणगी पाडणारा बुडाचा भाग), दारू, वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधला बूच), छर्ऱ्यांचं वजन आणि काडतुसाच्या तोंडाची घडी हे सगळं कारखान्यात एकमेकांच्या हिशेबाने बसवलेलं असतं. 70 मिमीच्या साध्या 12 बोअर काडतुसासाठी युरोपीय मानकाची दाबाची मर्यादा 740 बार (हे दाबाचं एकक) आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 750 किलो. यातला एक जरी भाग बदललात तर हा आकडा कुठे जाईल ते घरी बसून कळायला मार्ग नाही.

आधी मीठ. मिठाची घनता शिशाच्या जेमतेम पाचवा हिस्सा. तेवढ्याच जागेत वजन फार कमी भरतं, दारूला पुरेसा अडसर मिळत नाही आणि ती अर्धवट जळते. बार 'धाड' न होता 'फुस्स' होतो. वॅड नळीत मध्येच अडकतो आणि न जळलेली दारू मागे सांडते. खरा घात पुढच्या बाराला असतो. अडकलेल्या वॅडमागून दुसरं काडतूस उडालं की तिथे नळी अंगठीसारखी फुगते किंवा फाटते. बरं, मिठाचा उपयोग तरी काय? हलके खडे हवेत पंधरा-वीस पावलांतच जोर गमावतात, डुकराच्या राठ कातडीला त्याचं काही नाही. मात्र अगदी जवळून तेच मीठ माणसाचा डोळा घालवू शकतं. शिवाय नळीत राहिलेलं मीठ पावसाळी हवेत ओल धरतं आणि आतून गंजाचे खड्डे पाडतं. मिरचीपूड भरण्याचं तर बोलायलाच नको, ती वाऱ्यावर तुमच्याच तोंडावर येणार.

बेअरिंगच्या गोळ्या नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये सहज मिळतात, म्हणून त्यांचा मोह जास्त. पण परदेशात पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं मिळतात त्यातलं पोलाद मुद्दाम मऊ केलेलं असतं, भोवती जाड प्लॅस्टिकचा कप असतो, आणि तरीही ती फुल चोकमधून (चोक म्हणजे नळीचं तोंडाशी आवळलेलं टोक, फुल म्हणजे सर्वांत जास्त आवळलेलं) उडवू नका असं सांगतात. बेअरिंगची गोळी नळीच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण. ती नळीत ओरखडे काढते, आणि चोकला दबत नाही, तर चोकलाच बाहेर ढकलते. जुन्या दुनळीत दोन नळ्या आणि मधली पट्टी डाक देऊन जोडलेली असते. तो सांधा उकलू शकतो. मारक्षमता म्हणाल तर त्याच आकाराच्या शिशाच्या गोळीपेक्षा वजन एक तृतीयांशाने कमी, म्हणून जोर लवकर ओसरतो. वर दगडावर किंवा द्राक्षबागेच्या अँगलवर आपटली की कुठेही उसळते. शिसं निदान आपटून चपटं होतं.

मेण ओतलेल्या काडतुसात सगळे छर्रे एकाच गठ्ठ्याने निघावेत असा हेतू असतो. 12 बोअरची नळी आतून सुमारे 18.5 मिमी, आणि फुल चोकला ती जवळपास 1 मिमीने आवळलेली. सुटे छर्रे तिथून सरकून जातात. मेणात थिजलेला गठ्ठा सरकत नाही, अडतो. साधं मेण 50 ते 60 अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ते मऊ होऊन दारूकडे झिरपतं, मग एक काडतूस फुसकं तर दुसरं जबर.

कापलेलं काडतूस त्याहून वाईट. छर्ऱ्यांसकट पुढचा भाग एकत्र उडावा म्हणून टरफलच कापून दुबळं केलेलं, त्यामुळे ते भरतानाच तुटू शकतं; उडाल्यावर पुढचा तुकडा चोकला किंवा नळीत राहू शकतो. गठ्ठा नीट बाहेर पडला तरी तो वेडावाकडा फिरत जातो, नेम लागत नाही. आणि जातो किती लांब याचा विचार करा: 6 नंबरचा बारीक छर्रा 200 ते 250 मीटरमध्ये खाली येतो, एलजी या जाड छर्ऱ्याचा दाणा 700 मीटरपर्यंत जाऊ शकतो, अख्खा गठ्ठा त्याच्याही पुढे. तुमच्याकडे मळ्यामळ्यात वस्त्या आहेत, रात्री पाणी भरायला माणसं शेतात असतात. आग ओकणाऱ्या काडतुसांबद्दल एवढंच, की वाळलेला ऊस आणि मक्याची वैरण ती विचारून पेटवणार नाहीत.

कायद्याची बाजू लोक विसरतात. वापरायचा परवाना म्हणजे बनवायचा परवाना नव्हे. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 25 खाली त्याला किमान 7 वर्षांची शिक्षा आहे. वन्यजीव कायदा 1972 मध्ये 'शिकार' या व्याख्येत जखमी करणंही येतं. 'मारलं नाही, नुसतं मीठ मारलं' हा बचाव होत नाही. अंधारात डुक्कर समजून बिबट्याला छर्रा लागला तर प्रकरण फार वर जाईल. तो त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे.

आता तुमच्या दुनळीचं. कारखान्याचंच काडतूस घ्या, पण आधी चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, मोजून घ्या. जुन्या बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा 65 मिमीचं असतं. 70 मिमीचं काडतूस त्यात बसतं, कारण घडी मिटलेली असताना ते आखूडच असतं. उडताना मात्र घडी पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अडते आणि दाब चढतो. नळ्या उतरवल्या की त्यांच्या खालच्या सपाट बाजूवर चेंबरची लांबी बहुधा कोरलेली दिसते. नसेल तर परवानाधारक दुकानदाराकडून मोजून घ्या.

घरात 20 बोअरची बंदूकही असेल तर दोन्हींची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका. 20 बोअरचं काडतूस 12 च्या नळीत घसरून चेंबरच्या जरा पुढे अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, मागून 12 चं काडतूस बसतं, आणि चाप ओढला की नळी फाटते ती बरोबर डाव्या हाताच्या पकडीपाशी. बऱ्याच कंपन्या 20 बोअरची काडतुसं पिवळी ठेवतात ती याचसाठी.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर नळी मोकळ्या जागेकडे धरून निदान 30 सेकंद थांबा. टोपी उशिरा पेटू शकते. आवाज फुसका आला तर दुसरी नळीसुद्धा उडवू नका. बंदूक सांध्यातून उघडा, दोन्ही काडतुसं काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे पाहा. पूर्ण गोल उजेड दिसला नाही तर ती बंदूक त्या दिवसापुरती बंद.

डुकरांसाठी खरं तर झटका मशीनचं सौर कुंपण बंदुकीपेक्षा जास्त काम करतं, पण खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी आणि तिला गवत टेकता कामा नये, नाहीतर झटका तिथेच उतरतो. बिबट्याचा संशय असेल तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा. पेटीत जुनी फुगलेली कागदी काडतुसं असतील तर ती उघडू नका, जाळू नका, पुरू नका. नोंद करून परवानाधारक दुकानात किंवा पोलीस ठाण्यात जमा करा.