व्हीआर हेडसेट घेण्याआधी: तो तुमचं काय काय टिपतो?

प्रश्न: गेम आणि व्यायामासाठी कॉम्प्युटर न लागणारा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग बघायचं यंत्र) घ्यायचाय. त्याचे कॅमेरे घरातलं सगळं रेकॉर्ड करतात का?

कॅमेऱ्यांवाचून हे हेडसेट चालतच नाहीत. तुमचं डोकं खोलीत नेमकं कुठे आहे हे ते कॅमेऱ्यांवरूनच ठरवतात. हा हिशेब हेडसेटच्या आतच होतो, त्यासाठी व्हिडिओ बाहेर पाठवावा लागत नाही. लक्ष ठेवायचं ते परवानग्यांवर. मेटा, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये खोली स्कॅन करताना मान फिरवाल तसं भिंतींवर, सोफ्यावर, टेबलावर त्रिकोणांचं जाळं पसरत जातं. हा तुमच्या खोलीचा नकाशाच असतो आणि ॲप्स तो मागू शकतात. २०२५पासून मेटाने ॲप्सना समोरच्या कॅमेऱ्याचं चित्र मागायचीही सोय दिली आहे. बसल्या जागी खेळायच्या गेमने यातलं काही मागितलं तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न: खोटं नाव आणि वेगळा ईमेल वापरला तर माझी ओळख लपेल ना?

नाव लपेल, पण तुमच्या हालचाली लपणार नाहीत. सगळ्यात कमी बोललं जातं ते याच गोष्टीबद्दल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये बीट सेबर या गेमच्या ५५ हजारांहून जास्त खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. डोकं आणि दोन हात, एवढीच माहिती. प्रत्येकाच्या पाच मिनिटांच्या खेळावरून प्रणालीला शिकवलं आणि मग फक्त १०० सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्क्यांहून जास्त वेळा नेमका माणूस ओळखता आला. उंची, हाताची लांबी, वळण्याची लकब, हे सगळं त्यात उतरतं. चालीवरून आपण ओळखीच्या माणसाला लांबून ओळखतो, तसंच हे.

आणि हालचाली बंद करायचं बटण कुठल्याच हेडसेटमध्ये नाही, त्या बंद केल्या तर व्हीआर उरतंच कुठे? अनेकांसोबत ऑनलाइन खेळताना त्या सर्व्हरवर जातातच. म्हणून ऑफलाइन चालणारे, एकट्याने खेळायचे गेम किती मिळतात, हे मी खरेदीआधी बघायला सांगतो.

प्रश्न: डोळ्यांचा माग घेणारं मॉडेल घ्यावं का?

गरज नसेल तर नको. नजर कुठे रेंगाळते हे आपल्या ताब्यात नसतं, त्यामुळे ही माहिती फार आतली आहे. क्वेस्ट ३ मध्ये हे सेन्सरच नाहीत; जे टिपलंच जात नाही ते फुटायची भीती नाही. क्वेस्ट प्रोमध्ये ते आहेत, पण बंद ठेवता येतात. ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये नजर हाच माउस आहे. तिथे तुम्ही कुठे बघताय हे ॲपला कळत नाही, बोटांची चिमटी करून निवडलेली गोष्ट तेवढी कळते. ही रचना मला मनापासून आवडते.

प्रश्न: क्वेस्टला फेसबुक खातं आता लागतं का?

नाही. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या क्वेस्ट २ ला ते सक्तीचं होतं. ऑगस्ट २०२२पासून वेगळं मेटा खातं चालतं, पण तेही त्याच कंपनीचं. पिको कंपनीचा हेडसेट घ्याल तर मालक बाइटडान्स, म्हणजे टिकटॉकवालेच. नियम खरेदीनंतरही बदलतात. म्हणून खातं बंद केलं तर विकत घेतलेल्या गेमचं काय होतं, हे कलम आधी वाचा.

प्रश्न: जुना हेडसेट विकताना काय करू?

आधी खात्यातून तो हेडसेट काढून टाका, मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे आतलं सगळं पुसून तो नव्यासारखा करा. मी एकदा वापरलेला हेडसेट घेतला होता. चालू केला तर आधीच्या मालकाने आतून रेकॉर्ड केलेले व्हिडिओ तसेच होते. एकात मागून त्याला जेवायला बोलावणारा आवाज. मी तिथेच थांबलो, त्याला फोन केला आणि तो फोनवर असतानाच सगळं पुसलं.